सुरईखालची चिठ्ठी

जहागीरदारसाहेब हैदराबादेतला अजायबखाना बघून आले आणि आपलाही एक असावा असं त्यांच्या मनानं घेतलं. बिदरजवळच्या त्यांच्या गढीतली घोड्यांची पागा झाडून घेतली, त्यात गंजक्या तलवारी, जुनी भांडी आणि भुसा भरलेला एक बिबट्या मांडला, आणि देखरेखीला श्रीपतरावांना नेमलं. श्रीपतरावांना जुन्या वस्तूंतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण चिठ्ठ्या सुरेख लिहायचे. प्रत्येक वस्तूखाली एक. बिबट्याखालीसुद्धा ‘बिबट्या’ असं लिहिलेलं होतं, म्हणजे कुणी त्याला म्हैस समजू नये. उसाच्या चरकाच्या रुळाखाली ‘तोफेचा भाग’ अशी चिठ्ठी होती. जवळच्या कोहिनूर गावचा एक शेतकरी ती वाचून घेऊन शांतपणे म्हणाला, ‘‘असली तोफ आमच्या गुऱ्हाळात बी हाय.’’

विलायतेत म्हणे असल्या ठिकाणी कारागिराला मुक्कामाला ठेवतात आणि लोक त्याचं काम बघतात. श्रीपतरावांनी हे कुठंसं वाचलं आणि बिदरच्या विरुपाक्षप्पाला चाळीस दिवसांचं बोलावणं धाडलं. जस्ताच्या भांड्यात चर खणून त्यात चांदीची तार ठोकायची आणि मग भांडं काळं करायचं, हे बिदरी काम त्याच्या घरात तीन पिढ्यांचं. हात असा की बघत राहावं आणि तोंड असं की पळून जावं. त्याला बिबट्याशेजारी बसवलं, भोवती सुतळी बांधली आणि पुढ्यात चिठ्ठी ठेवली: ‘मुक्कामी कारागीर. वय अंदाजे पन्नास.’

‘‘अंदाजे कामून? मला इचारायचं की. बिबट्याला येत न्हाई बोलाया, मला येतंय,’’ विरुपाक्ष म्हणाला. श्रीपतराव हसले आणि चिठ्ठी तशीच राहिली.

एवढा अपमान त्यानं गिळला तो एका सुरईसाठी. समोरच्या फडताळात ती उभी होती, मानेपासून बुडापर्यंत वेल चढलेली. तिच्या चिठ्ठीवर होतं: ‘कारागीर अज्ञात.’ विरुपाक्षानं ती बघताक्षणी ओळखली. त्याच्या बापाच्या, बसवंतप्पाच्या कारखान्यातली. बापाचं नाव तिथं लागल्याशिवाय मरायचं नाही, असं त्यानं मनाशी पक्कं केलं होतं. रोज सकाळी तो श्रीपतरावांना नाव लिहायला सांगे आणि रोज श्रीपतराव लेखी पुरावा मागत. चरकाला तोफ करताना कुठला पुरावा बघितला होता, हे विचारायची सोय नव्हती.

पस्तिसाव्या दिवशी खबर आली, हैदराबादचे बडे पाहुणे परवा येणार. श्रीपतरावांनी राघोबा शिपायाला सगळं लख्ख करायला सांगितलं. राघोबा हुकमाचा पक्का. त्यानं चिंच आणि विटेची पूड घेऊन सुरई तांब्या घासावा तशी घासली. बिदरीचा सारा काळा रंग उतरला, राखेसारखी पांढुरकी सुरई उरली. दोनचार ठिकाणी तारही उचकटून निघाली.

श्रीपतराव धावत सुतळीपाशी आले. ‘‘विरुपाक्षप्पा, काळं करून द्या. काही करा.’’

‘‘करतो की. आदी नाव लिवा.’’

चौतीस दिवस न मिळालेलं एका दमात मिळालं. वळणदार अक्षरात ‘कारागीर बसवंतप्पा, बिदर’ लिहून झालं. लेखी पुराव्याचं नावही कुणी काढलं नाही.

विरुपाक्ष सुरई घेऊन मागच्या खोलीत गेला. बिदरी काळी करायला लागणारी, बरोबर आणलेली बिदरच्या किल्ल्याची माती चिमूटभर जिभेवर ठेवून पारखली, ती आणि नवसागर घालून पाणी चुलीवर चढवलं आणि उचकटलेली तार पुन्हा बसवायला दिव्याजवळ बसला. तार निघालेला चर त्यानं निरखला आणि त्याचा हात थांबला. छिन्नीचे घाव उलट्या अंगानं तिरपे गेले होते. उजव्या हाताचा माणूस असा चर खणूच शकत नाही. दुसरा चर बघितला, तिसरा बघितला. सगळी वेल डाव्या हाताची होती.

त्या घरात डावखुरं एकच माणूस होतं. त्याची आई, चंद्रम्मा. माती चाखायची, चूल बघायची, एवढंच तिचं काम असं तो जन्मभर लोकांना सांगत आला होता.

तार बसवून, सुरई काळी करून गप्प बसता आलं असतं. ते चर पुन्हा कुणाच्या बापालाही दिसले नसते. पण महिनाभर तो श्रीपतरावांना ज्यासाठी शिव्या मोजत होता, न बघता नाव लावण्यासाठी, तेच त्यानं स्वतः केलं होतं. तो उठला.

‘‘साहेब, चुकलो. नाव बदला. चंद्रम्मा लिवा. माझी आई.’’

श्रीपतरावांनी हात जोडले. ‘‘बाईचं नाव? पाहुणे काय म्हणतील? एकतर बसवंतप्पा, नाहीतर अज्ञात.’’

‘‘मंग मी काळं करत न्हाई. ऱ्हाऊ द्या तशीच.’’

श्रीपतरावांचा चेहरा पडला. आता हा माणूस वाकणार, असं विरुपाक्षाला वाटलं.

पण सुरई तशीच परत फडताळात गेली आणि पाहुणे आले. पांढुरक्या सुरईपुढं थांबून, मान डोलावत म्हणाले, ‘‘वा, क्या चाँदी है.’’ श्रीपतरावांनी ताबडतोब चांदी असल्याचं कबूल केलं. बिदरी न ओळखणारा माणूस बिदरीच्या मुलखात पाहुणा म्हणून हिंडत होता. विरुपाक्षाच्या हातात जे एकच हुकमाचं पान होतं, ते असं फुकट गेलं. चिठ्ठीवर बाप बसला होता, तो बसलाच.

तो सुतळीमागून मोठ्यानं म्हणाला, ‘‘साहेब, ती माझ्या आईनं केलीया.’’

पाहुणे वळून त्याच्याकडे बघत हसले. चिडून नव्हे, कौतुकानं. म्हाताऱ्याला आईची माया असते, असं काहीसं. श्रीपतरावही हसले.

ते हसणं विरुपाक्षाच्या ओळखीचं होतं. बाप गेल्यावर एकदा कारखान्यात आई त्याला म्हणाली होती, ‘‘अप्पा, वेली समद्या मीच काढत होते रं.’’ तेव्हा तो असाच हसला होता, गिऱ्हाइकांसमोर. आई पुन्हा कधी त्याविषयी बोलली नाही. त्याला स्वतःची शिसारी आली.

पाहुणे बिबट्याकडे सरकले. विरुपाक्षानं हातातली छिन्नी बाजूला ठेवली.