जानेवारीतला डावा पाय

वकिलाच्या पत्रातलं एकच वाक्य माझ्या डोक्यात गेलं. 'हिवाळ्यात या पाण्यात कोणी शहाणा माणूस उतरत नाही, त्यामुळे नोव्हेंबर ते एप्रिल फाटक बंद ठेवल्यास कोणाचंही नुकसान होणार नाही.' म्हणजे मी कोणीच नाही का? बत्तीस वर्षं मी या काउंटीत शाळेची बस चालवली, आणि त्या बत्तीसही हिवाळ्यांत सुट्टीच्या दिवशी स्टोनबोट नदीत कमरेइतक्या पाण्यात उभी राहिले. उन्हाळ्यात नदी पाहुण्यांची असते. नव्याकोऱ्या टोप्या घालून येतात, होड्यांतून आरडाओरडा करत जातात. हिवाळ्यात नदी आमची. आता आमच्यातले निम्मे देवाघरी गेले आणि उरलेले गुडघे धरून शेगडीपाशी बसलेत, म्हणून या वकिलाला वाटलं, रान मोकळं आहे.

ओपसाल कुटुंबाचं गुरांचं रँच ज्यानं विकत घेतलं, तो मालक वर्षातून बारा दिवस विमानानं येतो. दीड मैल नदी त्याच्या जमिनीतून जाते. वरच्या पुलापाशी आम्ही उतरायचो, तिथं त्यानं कुंपण घातलं, फाटक बसवलं आणि आता या वकिलामार्फत हिवाळाभर त्याला कुलूप लावायची परवानगी मागितली. काउंटीच्या मंडळापुढे मंगळवारी सुनावणी होती. एकदा कुलूप लागलं की लागलं. माझं वय एकोणसत्तर. ते उघडेपर्यंत मी थोडीच राहणार आहे?

म्हणून मी कॅफेत सगळ्यांदेखत सांगून टाकलं. "शनिवारी वरच्या पुलावरून उतरणार, मासे धरत धरत खालच्या पुलाला निघणार. काठाच्या गवताला पाय लावणार नाही. ज्याला बघायचं त्यानं यावं."

"इंगा, तुझी जीभ काही म्हातारी होत नाही बघ," कॅफेवाला मर्ल म्हणाला.

"तुझी कॉफी पिऊन पिऊन कडक झाली ती."

आमच्या राज्यात नदी सगळ्यांची. वसंतात बर्फ वितळून पाणी जिथवर चढतं, तिथवर कोणीही चालावं, गळ टाकावा. त्या खुणेच्या वर गवत लागलं की मालकाची जमीन. वाटेत अडथळा आला तर काठानं वळसा घालायची मुभा आहे म्हणतात, पण मला ती मुभाही नको होती. वकिलाला चघळायला हाडूक कशाला द्यायचं?

शनिवारी अकराला फाटकातून उतरले, कुलूप अजून लागायचं होतं. उणे नऊ होतं, वारा नव्हता. छातीपर्यंतची रबरी तुमान, आत लोकरीचे तीन थर, पाठीला छोटी जाळी, काठीला दोरी आणि दोरीच्या टोकाला चिलटाएवढी पिसाची खोटी माशी, आत गळ लपवलेली. हिवाळ्यात ट्राउट मासा हालत नाही. खोल, संथ पाण्यात तळाशी पडून असतो आणि तोंडासमोरून जाईल तेवढंच खातो. त्याच्या तोंडासमोरूनच न्यावं लागतं, एक वीतही इकडेतिकडे नाही. उन्हाळी पाहुण्यांना ते जमत नाही, म्हणून त्यांना वाटतं हिवाळ्यात नदीत मासेच नसतात.

काठावर डस्टिन ऱ्यूटर उभा. मालकानं त्याला रँचचा कारभारी केलाय. चौतीस वर्षांचा दांडगा गडी, हातात फोन, माझ्या पायांवर रोखलेला.

"टोर्व्हिकबाई, मागं फिरा ना! उगाच आजारी पडाल."

"डस्टिन, तू तिसरीत असताना माझ्या बसमध्ये तीनदा ओकलास. मी तेव्हा मागं फिरले होते का?"

"हे सगळं रेकॉर्ड होतंय हां, बाई."

"मग नीट सांगते. दोनदा पायरीवर, एकदा माझ्या कोटावर."

तो लाल झाला. पण फोन काही खाली घेतला नाही. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, त्याचा तरी काय दोष! दोन पोरं आहेत घरी. मी त्याच्यावर चिडले नव्हते. पण मायाही दाखवणार नव्हते.

पहिला तास नुसती शिक्षा होती. चार वेळा गळ टाकला की काठीवरच्या दोरी ओवलेल्या कड्यांत बर्फ भरायचा. काठी पाण्यात बुडवायची, नाहीतर कड्या तोंडात धरून बर्फ चोखून काढायचा, परत टाकायचा. एकही मासा लागला नाही. काठाशी बर्फाचा थर होता, त्याच्या कडेकडेनं दगड चाचपत चालले होते. पायाची बोटं आधी दुखली, मग दुखायची थांबली. दुखायचं थांबलं की समजावं, आता खरी पंचाईत.

डस्टिन बर्फातून माझ्याबरोबर चालत होता. मध्येच त्याचा चालायचा आवाज बंद झाला. मी वळून पाहिलं तर फोन छातीशी धरून त्यावर फुंकर मारत होता.

"काय झालं रे?"

"मेला. थंडीनं बॅटरी गेली."

"अरे देवा! आता कसं करायचं? डोळे आहेत का?"

"आहेत ना."

"मग ते वापर."

त्यानंतर तो जरा माणसासारखा बोलायला लागला. बापाबरोबर याच नदीवर गळ टाकायला शिकलो म्हणाला. मग आता टाकतोस का, विचारलं, तर म्हणाला, मालकाला आवडत नाही.  आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं असणार.

साडेबाराला उन्हानं पाण्यावर चिलटं उठली. मोठ्या वळणावर, जिथं पाणी हिरवं आणि खोल होतं, तिथं माझी दोरी जराशी अडखळली. दगड असेल असं वाटलं. तरी काठी उचलली, आणि दगड चालू लागला.

आई गं! काय मासा होता तो! एकदा वर आला तेव्हा पिवळी कूस दिसली, माझ्या हाताएवढी. दोरी केसासारखी बारीक, ओढायची सोय नाही. तो खाली धावला, वेगाच्या पाण्याकडे. दोरीचं रीळ नुसतं किंचाळत होतं. तो त्या वेगात गेला असता तर संपलंच होतं. पन्नास वर्षांच्या सवयीनं माझ्या अंगाला ठाऊक होतं काय करायचं ते. मागं सरायचं, काठावर चढायचं आणि त्याच्याबरोबर खाली पळायचं. जगातला प्रत्येक मासेमार हेच करतो.

"बाई, मागं या! काठावर या! पळा!" डस्टिन ओरडला. सापळा म्हणून नाही, शपथेवर सांगते. त्या पोराला मासा दिसला होता आणि बाकीचं सगळं तो विसरला होता.

मीही विसरले. बर्फाच्या थरावर चढले, आणखी एक पाऊल मागं टाकलं आणि काठी उंच धरली. मासा थांबला, डोकं हलवलं, माझ्याकडे वळला. "जाळी खाली! खाली घ्या, बाई, घाई नको!" डस्टिन गुडघ्यांवर बसून हातवारे करत होता. दोन मिनिटांनी मासा जाळीत होता. मी पाण्यात वाकून त्याला धरलं, तोंड प्रवाहाकडे केलं, गळ काढला. कल्ले दोनदा हलले आणि तो माझ्या बोटांतून निसटून तळाला गेला. आम्ही दोघं खुळ्यासारखे हसत होतो.

मग आमचं दोघांचं लक्ष एकदमच तिकडं गेलं. खुणेच्या वर, वाळक्या गवतात, ताज्या बर्फावर एका बुटाचा ठसा. डावा पाय. अख्खा, टाचेसकट.

  मला स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटल्या. एका माशापायी! माझं वैर माशाशी नव्हतंच, तरी घात त्यानंच केला. नाही, खरं सांगायचं तर घात माझ्या हौसेनं केला. पुढचा अर्धा मैल मी गळ टाकला नाही, नुसती चालले.

खालच्या पुलाशी शेरीफच्या कचेरीतला हवालदार लॉइड गाडीचं इंजिन चालू ठेवून बसला होता. मालकाच्या माणसांनी त्याला बोलावलं होतं. पुलाचा उतार काउंटीचा, तिथून चढायला कोणाची मनाई नाही. मी चढले, पण हातापायांवर, कारण घोट्याखाली मला पाय आहेत की नाहीत तेच कळत नव्हतं. लॉइडनं काखेत हात घालून मला उभं केलं आणि गाडीला टेकवलं.

"काय रे डस्टिन," त्यानं विचारलं, "बाई कुठं जमिनीवर चढल्या का?"

डस्टिननं माझ्याकडे बघितलं. निळे पडलेले ओठ, लटलटणारी हनुवटी, म्हाताऱ्याच्या दाढीसारखा स्कार्फवर जमलेला बर्फ. त्याच्या डोळ्यांत दया आली. मला ती स्पष्ट दिसली.

"नाही," तो म्हणाला. "एकदाही नाही."

"झालं तर मग!" लॉइडनं सुटकेचा निःश्वास टाकला आणि वही मिटली. "लिहायला काही नाही. मी काही पाहिलं नाही, तू काही पाहिलं नाहीस. आज इथं काही झालंच नाही. बाई, बसा गाडीत, घरी सोडतो."

गाडीतून गरम हवा येत होती. माझा एक हात दारावर होता. आणि तेवढ्यात ते शब्द माझ्या डोक्यात शिरले. काही झालंच नाही. कोणी आलंच नाही. अरे, वकील दुसरं काय म्हणत होता? फोन मेलेला, वही कोरी, डस्टिन मंगळवारी मालकाच्या शेजारी गप्प बसणार आणि लॉइडला काही आठवणार नाही. दोन भल्या माणसांनी दया करून मला नदीतून पुसून टाकलं होतं.

"खोटं बोलतोय तो," मी म्हणाले.

"बाई!" डस्टिन कळवळला.

"गप. लॉइड, वही उघड. मोठ्या वळणावर, गवतात, खुणेच्या दोन हात वर. डावा पाय. ठसा अजून आहे, जाऊन बघ."

लॉइडनं टोपी मागं सारली. "अहो, कशाला? तुम्ही कॅफेत सगळ्यांना सांगून आलात. मर्ल वर्षभर तुम्हाला सोडणार नाही. शिवाय दंड होईल, आणि तो वकील म्हणेल, बघा, बाई आमच्या जमिनीत घुसली."

"म्हणू दे की! बाई घुसली म्हणायचं तर आधी बाई आली होती म्हणावं लागेल ना? लिही."

 हळूच लॉइडच्या मिशीखाली काहीतरी हललं. त्यानं हातमोजा काढला, पेन तोंडाच्या वाफेवर धरून चालू केलं.

"नाव इंगा टोर्व्हिक. तारीख अकरा जानेवारी. वेळ?"

"पाऊण. तापमान पण लिही, उणे नऊ."

"तापमानाचा रकाना नाही हो यात."

"मग कडेला लिही."

त्यानं कडेला लिहिलं. "कारण? जमिनीवर कशासाठी चढलात?"

"मासा धरत होते. जाळीत घेतला आणि सोडला. परत लागला तर परत चढेन, तेही लिही."

डस्टिन खाली मान घालून उभा होता. लॉइडनं त्याच्यापुढं वही धरली. "प्रत्यक्ष पाहणारा म्हणून इथं सही लागेल. नको असेल तर मी एकट्याच्या सहीवर भागवतो. तुझ्या मालकाला हे आवडणार नाही, एवढं मीच सांगतो."

डस्टिननं बराच वेळ कागद वाचला. मग पेन घेतलं. सही करण्याआधी माशाची लांबी विचारली आणि मी सांगितलेल्या आकड्यात स्वतःच्या हातानं दोन इंच वाढवले.

मी सही केली आणि लॉइडकडं दोन प्रती मागितल्या. एक मंगळवारी मंडळापुढं ठेवायला, आणि एक वकिलाला पोस्टानं पाठवायला.