आवडाबाईचं हिरवं लुगडं

शी! अजून आठवलं तरी तोंडाला कडू पाणी सुटतं. सुधीर सरांची किळस येते, हे तर आलंच. पण त्यांच्या वाट्याला निम्मीच. उरलेली कुणाची, ते सांगतेच.

अठ्ठ्याण्णव साल. ठाण्यात टेंभी नाक्याजवळ एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर सुधीर सर कॉम्प्युटरवर कार्टून करायला शिकवायचे. मी चेंदणी कोळीवाड्यातली रंभा, बी.कॉम. होऊन तिथे जायचे. माझा विषय कपडे. बाहुलीला कपडे शिवायचे, पण सुई ना दोरा. पडद्यावर कापडाचे तुकडे कापायचे, कडा जोडायच्या, कापडाला वजन द्यायचं आणि मग बाहुलीला चालायला लावायचं. निम्म्या वेळा कापड तिच्या मांडीत घुसायचं. मग बसा डोकं आपटत. मला मात्र मजा यायची.

वर्गात एसी. मी दोनदा साबण लावून जायचे, तरी वर्तकनगरची चित्रा माझ्या शेजारी बसली की नाकाला रुमाल लावायची. "मासळीचा वास येतो गं," म्हणायची, तेही गोड हसून. मेली!

शेवटच्या कामाला मला मसाल्याच्या जाहिरातीतली कोळीण मिळाली. ज्याचं काम पसंत पडेल त्याला डोंबिवलीच्या स्टुडिओत नोकरी. ती मला हवीच होती. माझ्या आईच्या, आवडाबाईच्या, डोक्यावरची मासळीची पाटी उतरवायची होती. तिला न विचारता मी पेटीतलं तिचं हिरवं लुगडं काढलं. हळदीला आणि नारळी पुनवेलाच नेसायची ती ते. क्लासात नेऊन स्कॅनरवर पसरलं, काठ जसेच्या तसे उतरवून घेतले. अकरा दिवस खपून बाहुलीला आईसारखं नेसवलं. गुडघ्यापर्यंत, घट्ट कासोटा, खांद्यांवरून छाती झाकणारी फडकी.

सर खुर्चीत रेलून बघत होते. "अगं, ही तर बाजारातली म्हातारी वाटते. फडकी काढ. लुगडं घे अजून वर. कासोट्याची भानगड कशाला? आणि चाल जरा... कळलं ना?" असं म्हणत त्यांनी पेनाचं टोक पडद्यावर तिच्या कमरेवरून फिरवलं. सावकाश. अंगावरून पाल गेल्यासारखं झालं मला. थोबाड फोडावंसं वाटलं. आणि केलं काय? फडकी काढली. कासोटा सोडला, लुगडं वर घेतलं.

निवडीच्या दिवशी घरच्यांनाही बोलावलं होतं. आई बाजार सोडून आली, अंगाला वास नको म्हणून लिंबू चोळून. मोठ्या पडद्यावर कोळीण कंबर हलवत आली. आईच्या लुगड्याचे काठ तिच्या उघड्या मांड्यांवर चमकत होते.

आई उठून पुढे गेली. "गो रंभा, ते माजं लुगरं हाय ना?"

मी मान हलवली.

"मंग कासोटा कुठं हाय? ही बाजारात बसंल कशी?"

"मावशी, ही बसत नाही," सर म्हणाले. "ही नुसती चालते. लोक बसून बघतात."

वर्ग खो खो हसला. चित्राला तर हसून ठसका लागला. आईनं मागे वळून माझ्याकडे बघितलं.

आणि मी हसले. सर बघतायत, नोकरी देणारे बघतायत, म्हणून दात काढून हसले.

नोकरी मिळाली. घरी आले तेव्हा आई मोरीत बसून ते हिरवं लुगडं धूत होती. मी धुऊन, घडी घालून परत पेटीत ठेवलेलं लुगडं! साबण लावला, पिळलं, परत साबण लावला.

"अगं आई, स्वच्छच होतं ते," मी म्हटलं.

"वास येतंय," ती म्हणाली. उभा जन्म मासळीत गेला तिचा, पण हे तिच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकलं.