फाटकावरचे दोन चेहरे

त्सोनाकाकूला तुम्ही मारलंत. एप्रिलात, भर दुपारी, ती मागच्या अंगणात जर्दाळूच्या बुंध्याला चुना लावत होती तेव्हा. तुमचा माणूस पिवळी गाडी घेऊन वरच्या गल्लीत आला, फाटकाकडे पाहिलं, रस्त्यातलं लोखंडी झाकण उचललं आणि तिचं पाणी बंद करून निघून गेला. जाताना त्यानं छातीवर क्रूसही काढला असेल. मेलेल्याच्या दारावरून जाताना आमच्यात सगळेच काढतात.

साहेब, तुम्ही म्हणाल, नळ बंद केल्यानं कुणी मरतं का. तुमच्या पाण्याच्या ऑफिसात काचेच्या दाराशी कुंडीत प्लास्टिकचं झाड आहे, मी पाहिलंय. त्याला पाणी लागत नाही. म्हणून तुम्हाला सगळं पहिल्यापासून सांगायला हवं.

त्सोनाकाकूकडे टोमॅटोचं एक बी होतं. नवऱ्याच्या, म्हणजे वेल्कोकाकांच्या, आईपासून चालत आलेलं. फळ गुलाबी, एका हातात न मावणारं, साल इतकी पातळ की बाजारात न्यायच्या आधीच तडकायचं. म्हणून कुठल्या दुकानदारानं ते विचारलं नाही, कुठल्या पाकिटात ते मिळत नाही. ते फक्त तिच्या वाफ्यात होतं. गेल्या उन्हाळ्यात गारांनी तो वाफा झोपवला, बी धरायला एक फळ उरलं नाही. राहिलं ते जुनं, फाटक्या मोज्यात बांधून चुलीमागे टांगलेलं.

मार्चमध्ये तिनं ते सगळं पेरलं.

"काकू, चिमूटभर तरी मागे ठेव गं," मी म्हटलं.

"काय करू ठेवून? म्हातारं झालंय ते, माझ्यासारखं. यंदा उगवलं तर उगवलं. नाहीतर वर गेल्यावर वेल्को पहिलं काय विचारेल? त्सोना, बी कुणाकडे दिलंस?"

"तो तुला विचारणार आहे होय! तो तिथंही पत्ते खेळत बसला असेल."

"बसू दे. हरत असेल."

तिच्यासारखी काटकसर आमच्या गावात कुणी केली नाही, आणि आमच्या गावात उधळे कोणी नव्हतेच. दह्याचे रिकामे डबे वर्षभर जमवायची, तापल्या खिळ्यानं बुडाला भोकं पाडायची, त्यात रोपं. चुलीची राख प्लमच्या झाडांना. अंड्याची टरफलं कुटून वाफ्यात. वेलांना बांधायला फाटके पायमोजे, कारण सुतळी देठ कापते आणि पायमोजा ताणतो. चुन्यात मोरचूद घालून उरलं की त्याच बादलीत पाणी फिरवून ते कोंबड्यांच्या खुराड्याला. पंधरवड्यानं रोपं डब्यांतून काढून बाहेरच्या खताच्या वाफ्यात लावायची आणि वर प्लास्टिक ओढायचं. तेही जुनं, ठिगळाठिगळाचं. सकाळी ऊन चढलं की एका बाजूनं उचलायचं, संध्याकाळी पाडायचं. विसरलात तर आत भट्टी होते. हे ती मला दर वर्षी नव्यानं सांगायची, जसं काही मी इटलीहून आलेय.

आता फाटकाचं सांगते, कारण तुमचं सगळं तिथंच अडलं.

माणूस गेला की आमच्याकडे त्याचा कागद फाटकावर लागतो. फोटो, नाव, तारीख, घरच्यांचे दोन शब्द. चाळीस दिवसांनी नवा, वर्षानं नवा, मग दर वर्षी. जुना कुणी फाडत नाही. फाडायचा नसतोच. ऊनपाऊस नेईल तेव्हा नेईल. अर्धं गाव स्पेनमध्ये, उरलेलं फाटकांवर, असं आम्हीच हसून म्हणतो.

वेल्कोकाकांचा एकच फोटो बरा होता, भाच्याच्या लग्नातला. पांढरा शर्ट, टोपी नाही, हसू आलेलं. पण त्यांच्या खांद्याला गाल लावून काकू उभी. छापणारा म्हणाला, तुम्हाला कापून काढायचे वेगळे पैसे पडतील.

"कापतोस कशाला?" काकू म्हणाली. "मी काय फार मागे राहणार आहे? राहू दे. माझ्या वेळेला हाच लाव, नुसतं खालचं नाव बदल. एका फोटोत दोन मयत उरकतील."

छापणाराही हसला. मीही हसले. कागद फाटकावर लागला, दोघांचे चेहरे, खाली एकट्याचं नाव. वर तिनं वाफ्याच्या प्लास्टिकचा उरलेला तुकडा खिळ्यांनी ठोकला. तुकडा लहान होता. चेहऱ्यांपुरता पुरला. नाव पावसानं धुतलं. त्या वर्षापासून तिनं नवा कागद लावलाच नाही. म्हणायची, चेहरा शाबूत आहे, नाव गावाला पाठ आहे.

रिकाम्या घरांचं पाणी तोडत फिरणाऱ्या तुमच्या माणसाला पाठ नव्हतं. त्यानं हाक मारली असेल, काकूला ऐकू येत नाही. धूर नाही, कुत्रं नाही, फाटकावर नवराबायको. घर संपलं.

पहिले काही दिवस तिनं कुणाला काही सांगितलंच नाही. आमच्याकडे पाणी जातंच. जातं, येतं, तांबडं येतं, परत जातं. तिनं पावसाच्या पिंपातलं वापरलं. भांडी धुतलेलं वाफ्यावर, तोंड धुतलेलं वाफ्यावर. मग एका सकाळी रिकामा कॅन घेऊन ती माझ्या दारात.

"रुस्का, या वेळी फारच लांबलं गं."

"काय लांबलं?"

"पाणी."

"माझ्याकडे येतंय की."

तिनं कॅन खाली ठेवला. "म्हणजे माझ्याच एकटीवर रुसलंय," म्हणाली.

आम्ही बस धरून तुमच्या ऑफिसात आलो. तिनं ठेवणीतला काळा स्कार्फ बांधला होता. खिडकीतल्या बाईनं संगणकात पाहिलं आणि म्हणाली, "ग्राहक मयत आहे. वारसांनी अर्ज करायचा."

"काय म्हणते ही?" काकूनं मला विचारलं.

मी तिच्या कानात ओरडले, "तू मेलीयस म्हणते!"

रांगेतले लोक वळले. काकूनं पर्समधून ओळखपत्र काढलं, काचेला चिकटवलं आणि म्हणाली, "मग पोरी, मी आले कशी? स्मशानातून बस सुटते का आता?"

बाईही हसली, मी खोटं सांगणार नाही. वाईट नव्हती ती. "मला दिसतंय हो आजी, तुम्ही आहात. पण मी इथून उघडू शकत नाही. घरात माणूस राहतं असा गावातून दाखला आणा, मग वर पाठवते. वरून आदेश आला की माणूस येईल."

"कधी?"

"वर गेलं की."

"वर तर मी पण जाणार आहे," काकू म्हणाली. "माझ्या हातातच दे, देते नेऊन."

दाखला आम्ही आणला. दिला. तो वर गेला. तुमच्याकडे. आणि तुम्ही काय केलंत त्याचं?

मी रोज सकाळी हातगाडीवर कॅन भरून चढ चढायची. पण उन्हं वाढली, रोपांना फांद्या फुटल्या, त्यांना दुपारीही लागायचं. मी तिला बजावलं होतं, काकू, मी येईपर्यंत हलायचं नाही. ती हो म्हणायची आणि मी वळले की कळशी घेऊन खालच्या झऱ्यावर जायची. तिला कुणाचं ओझं व्हायचं नव्हतं. माझं तर नाहीच, माझा गुडघा तिला माहीत होता.

मेच्या सुरुवातीला, गेओर्गीच्या सणाच्या आदल्या दिवशी सकाळ थंड होती, म्हणून तिनं प्लास्टिक उचललं नाही. झऱ्यावर जाऊन येते आणि मग उचलते, एवढाच तिचा हिशोब. झऱ्याच्या पायरीवर शेवाळ होतं. मी कॅन घेऊन चढत होते तेव्हा ती मला वाटेत दिसली, आडवी, आणि कळशी मात्र उभी. तेवढी तिनं पडतानाही सांभाळली होती.

"सांडलं नाही ना?" तिनं विचारलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. रुग्णवाहिका यायला वेळ लागला, येते तरी हेच नशीब. तिला सोडून मी कुठं जाणार? मीही गाडीत चढले. डोंगर उतरताना ढग निघून गेले आणि ऊन पडलं. असं ऊन, की खिडकीच्या काचेला हात लावता येत नव्हता. तेव्हा मला प्लास्टिक आठवलं. फोन कुणाला करणार? वरच्या गल्लीत काकूशिवाय फक्त फाटकं आहेत.

संध्याकाळच्या बसनं परत आले ती थेट वाफ्यावर. प्लास्टिक उचललं तसा उकडलेल्या पाल्याचा वास तोंडावर आला. सगळी रोपं झोपली होती. पाणी घातलं. थंड झालं तसं आणखी घातलं. तिची कळशीही ओतली. दुसऱ्या दिवशी रोपं काळी पडली, एकूण एक.

इस्पितळात तिनं पहिलं तेच विचारलं. "प्लास्टिक उचललंस ना?"

"उचललं."

"रोपं?"

"झकास आहेत. फांद्या खुडायला आल्यात."

"खुडल्यास?"

"आजच सकाळी."

तिनं माझा हात धरला. वाटलं लाडानं धरला. तिनं तो नाकाशी नेला. टोमॅटोचा पाला हाताळलात तर तो हिरवा वास साबणानं जात नाही, बोटं पिवळी होतात. माझ्या हाताला इस्पितळाच्या साबणाचा वास होता.

तिनं हात सोडून दिला. चिडली नाही. भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "भोपळा तरी लाव तिथं. खत वाया जायला नको."

त्यानंतर ती जेवली नाही. डॉक्टर हाडाबद्दल, छातीतल्या पाण्याबद्दल बोलत होते. बोलू देत. मी तिच्याशेजारी बसले होते, मला माहीत आहे तिनं काय सोडलं आणि कधी. चेरी पिकायच्या आत गेली.

तिला पुरून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी पिवळी गाडी आली. तोच पोरगा. हातात आदेश. "आजींना सांगा, आलं पाणी," म्हणाला.

मी फाटकाकडे बोट दाखवलं.

"हां, हे तर तेव्हापण होतं," तो म्हणाला. "म्हणून तर बंद केलं."

"तेव्हा ती मागं झाडांना चुना लावत होती, बाळा."

त्याचा चेहरा पडला. त्यानं क्रूस काढला, या वेळी मी पाहिला. मग झाकण उचलून पाणी सोडलं, कारण आदेश होता. मागच्या अंगणातला नळ तिनं उघडाच ठेवलेला, पाणी आलं की कळावं म्हणून. तो खोकला, तांबडं थुंकला आणि रिकाम्या वाफ्यात वाहायला लागला. मी बंद करायला गेले नाही. जर्दाळूच्या फांदीला, मार्चभर मनगटावर बांधून झाड फुललं की त्यावर टांगतात तो, तिचा लाल-पांढरा दोरा अजून होता, खाली बुंध्याचा चुना अर्ध्यावर थांबलेला.

आता मी छापणाऱ्याकडे जाऊन आले. फोटो तोच आहे, त्यानं जपून ठेवलाय. नुसतं खालचं नाव बदलायचं, तिनं सांगितलं होतं तसं. नाव त्यानं लावलं. तारखेला अडला. मी तुमच्या खिडकीवर विचारलं, तर तुमच्या संगणकात अजून एप्रिलचीच तारीख आहे, आणि इस्पितळ म्हणतं मे. कागद उद्या फाटकावर लागायला हवा. गाव तो वाचणार आहे, तुमचा माणूसही वाचणार आहे.

तेव्हा साहेब, सांगा. ती मेली कधी? तुमची तारीख घालू की आमची? मी तुमच्या खिडकीसमोर उभी आहे, मागे रांग आहे, आणि उत्तर मिळाल्याशिवाय मी हलणार नाही.