बक्कल पुन्हा मधोमध

मित्रांनो, मी एक जुना स्टीलचा पट्टा आहे. घड्याळाचा पट्टा. घड्याळ नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो, कारण लोक बघतात ती तबकडी. घाम, साबण आणि ओरखडे तेवढे माझ्या वाट्याला. पण तक्रार नाही हो. जवळजवळ सगळा जन्म एकाच मनगटावर काढायला मिळाला, आणखी काय हवं?

कुठल्या कारखान्यात मला घडवलं, ते आठवत नाही. आठवतं ते कल्याणचं दुकान आणि काचेवर बोट ठेवून ‘हेच द्या’ म्हणणारे खडवलीचे एक गृहस्थ. त्यांच्या मालनचं लग्न ठरलं होतं आणि जावयाला घड्याळ द्यायचं होतं. जावयाच्या मनगटाचं माप कोण विचारणार? त्यांनी आपलं अंदाजाने मला घेतलं, आणि मी भर मांडवात नवऱ्याच्या हातात बांगडीसारखा खुळखुळू लागलो. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो नवरा म्हणजे रतन. ठाण्याला वर्तकनगरात राहायचा, कंपनीत फिटर होता. दुकानात परत कोण जातो? लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी त्याने एका दाभणाचं टोक घासून बोथट केलं, एका खोडरबराला भोक पाडलं आणि नव्या नवरीला मला धरायला लावलं.

“हे बघ मालन, कड्यांच्या आतल्या बाजूला बाण आहेत. बाण दाखवतो तिकडेच पिन ढकलायची, उलटी नाही. आणि दोन्ही बाजूंनी सारख्या कड्या काढायच्या, म्हणजे बक्कल मनगटाच्या मधोमध बसतं. कळलं?”

“कळलं की,” मालन म्हणाली. कसलं कळतंय! तिचं लक्ष माझ्याकडे नव्हतंच, नवऱ्याच्या तोंडाकडे होतं. टुक टुक करत पिना खोडरबराच्या भोकात पडल्या, मी अंगासरसा बसलो. दाभण आणि खोडरबर बामच्या रिकाम्या डबीत गेले.

काय दिवस होते ते! रतन कॉलनीत भीमजयंतीला ढोलकी वाजवायचा. ढोलकीवर हात टाकण्याआधी मला काढून मालनकडे द्यायचा, आणि ती मला स्वतःच्या हातात चढवायची. तिचं मनगट एवढंसं. हात वर केला की मी थेट कोपरापर्यंत घसरायचो. रतन ढोलकीवरून तिच्याकडे बघून हसायचा आणि ठेका चुकायचा. पुढे त्यांना निशा झाली, शिकली, लग्न होऊन डोंबिवलीला गेली. तिने पप्पांना पावलं मोजणारं नवं घड्याळ आणलं, तेव्हा मी काही दिवस कपाटात पडून होतो. कपाटातला अंधार फार वाईट, मित्रांनो. पण रतनला त्या रबराच्या पट्ट्यात करमेना. “सासऱ्यांचंच बरं,” म्हणत त्याने मला परत बांधलं. त्या दिवशी मी किती चमकलो असेन!

मग रतनचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांनी मालनला आणि निशाला बाजूला बोलावून काय ते सांगितलं. दोघी बाहेर आल्या त्या चेहरे पुसूनच. “अल्सर आहे पप्पा, औषधाने जाईल,” निशा म्हणाली. आपल्याकडे असंच करतात ना? ज्याचं दुखणं, त्याच्यापासूनच ते लपवतात.

दुखणं लपवलं, पण मनगट कसं लपवणार? मी सैल व्हायला लागलो. एकदा चहाचा कप उचलताना मी घसरलो, आणि रतन माझ्याकडे बघतच राहिला. मालनने ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी तो मला खिडकीत ठेवून अंघोळीला गेला, तशी तिने बामची डबी काढली. टुक टुक आत ऐकू जाऊ नये म्हणून रिकामा मिक्सर चालू केला आणि डोळे पुसत पुसत माझी एक कडी काढली. रतनने बाहेर येऊन मला बांधलं. मी गच्च बसलो.

“बघा, जरा अंग धरलंय तुम्ही,” मालन म्हणाली.

“धरणारच. तुझ्या हातची पेज आहे,” रतन म्हणाला.

असं वरचेवर होऊ लागलं. मिक्सर घरघरायचा, माझी कडी जायची. एकदा रतन हसून म्हणाला, “हल्ली चटण्या फार करतेस गं, ताटात मात्र एक दिसत नाही.”

“निशाला पाठवते,” मालनने ठोकून दिलं.

पण बिचारी एक गोष्ट विसरली होती. ती दर वेळी एकाच बाजूची कडी काढायची. त्यामुळे बक्कल सरकत सरकत मनगटाच्या कडेला आलं. फिटरच्या नजरेतून ते सुटेल? रतन अंगठ्याने बक्कल चाचपायचा.

एका दुपारी मालन दूध आणायला गेली. रतनने स्वतः ती डबी काढली. खोडरबर मांडीवर घेतलं. दाभण दोनदा खाली पडला. तरी त्याने दुसऱ्या बाजूच्या दोन कड्या काढल्याच, त्यातली एक तोकड्या बाजूला जोडली आणि बक्कल मधोमध आणलं. उरलेली कडी डबीत टाकली असती तर मालनला कळलं असतं, म्हणून ती चष्म्याच्या घरात लपवली. “तिला सांगू नकोस हां,” तो मला म्हणाला. “तिला वाटू दे, मला ठाऊक नाही. तेवढाच तिला धीर.”

मी कुणाला सांगणार? मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं, अरे वेड्यांनो, दोघांनाही ठाऊक आहे, मग जवळ बसून एकदा रडून घ्या की!

शेवटी शेवटी त्याने प्रयत्न केला. “मालन, इकडे ये. एक बोलायचं होतं...”

“आधी पेज घ्या. बोलायला अख्खा जन्म पडलाय,” ती म्हणाली आणि उठून आत गेली. आत जाऊन तिने तोंडात पदर कोंबला. मला ते रतनच्या मनगटावरून, दाराच्या फटीतून दिसत होतं. रतन भिंतीकडे तोंड करून पडला. त्यानंतर त्याने तो विषय काढला नाही आणि चार दिवसांत तो गेला.

“घड्याळ काढून घ्या कुणीतरी,” असं जमलेले लोक म्हणाले, तेव्हा मालनने कुणाला हात लावू दिला नाही. बक्कल तिनेच उघडलं.

गेलेल्या माणसासाठी करतात तो पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर रतनचा चष्मा ठेवायला तिने चष्म्याचं घर उघडलं, आणि कडी टपकन मांडीवर पडली. तिने ती उलटीपालटी केली. मला उचलून दोन्ही बाजू पाहिल्या. बक्कलावर बोट ठेवलं. ते मधोमध होतं.

“निशा,” ती म्हणाली, “अगं, यांना सगळं ठाऊक होतं गं.” आणि इतके दिवस अडवून धरलेलं रडू एकदम फुटलं. “बोलायचं म्हणत होते. मीच बोलू दिलं नाही!”

निशाने तिला घट्ट धरलं. थोड्या वेळाने म्हणाली, “आई, कड्या परत बसवून घेऊ या का?”

“नको,” म्हणत मालनने मला आपल्या हातात चढवलं. पूर्वी कोपरापर्यंत घसरायचो तो मी, तिच्या एवढ्याशा मनगटावर जागच्या जागी बसलो. जराही हललो नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, हे मी सांगायला हवं. साबणाने मळ काढा, पिना हरवू नका, बाणाची दिशा बघा. पण त्याआधी एक करा. घरातलं माणूस ‘एक बोलायचं होतं’ म्हणालं, तर हातातलं काम टाकून त्याच्याजवळ बसा.

मालन आता माझ्याशी बोलते. रोज अंघोळीआधी मला खिडकीत ठेवते आणि बोलत राहते. तेव्हा काय सांगायचं राहिलं, कशाची भीती वाटत होती, सगळं. मी एकेक शब्द ऐकतो. मध्येच ती थांबते आणि माझ्याकडे बघत राहते.

मी पट्टा आहे, मित्रांनो. मला उत्तर देता येत नाही.