टिल्लूच्या खोलीची कडी

ताईने पिशवी पलंगावर उपडी केली. सीलबंद सुया, स्पिरिटचे बोळे, पाण्याच्या इवल्याशा कुप्या आणि नाकात मारायचा एक फवारा. फवारा घरंगळत पलंगाखाली निघाला होता, तो टिल्लूने पायाच्या बोटांनी अडवला.

"हात नाहीत का तुला?"

"एवढे लांब पाय दिलेत देवाने, ते काय शोभेला?"

टिल्लू तिचा धाकटा भाऊ. जन्मला तेव्हा मुठीएवढा होता म्हणून पडलेलं नाव. आता दारातून जाताना त्याला मान वाकवावी लागते, पण नाव काही वाढलं नाही.

सुयांचं केंद्र रंगकामासाठी आठवडाभर बंद राहणार होतं. टिल्लूसारख्या नशा टोचून घेणाऱ्यांना तिथे नव्या सुया मिळायच्या, वापरलेल्या परत घ्यायचे, आणि मुख्य म्हणजे कुणी उपदेश पाजायचं नाही. तिथल्या गोलमटोल सिस्टरने काल ताईलाच बोलावून समोर बसवलं होतं. "सोडायचं तेव्हा सोडेल तो. उपचारांसाठी नाव घातलंय त्याचं. पण तोवर जिवंत राहायला हवा ना गं? तलफ आली की डोकं चालत नाही. काय ठरवायचं ते आधी, चहा पीत पीत ठरवा."

म्हणून दोन कप चहा आणि ही परीक्षा.

"सुई?" ताईने विचारलं.

"दरवेळी नवी. माझी मला. उसनी मागायची नाही, द्यायची नाही."

"वापरून झाल्यावर?"

"जाड डब्यात, झाकण घट्ट. बाबांचा स्क्रूचा डबा कसा आहे, तसा."

"मग मागून घे की त्यांच्याकडून."

"तू माग."

"मी काय पोस्टमन आहे तुम्हा दोघांचा?" ताई म्हणाली. होतीच ती पोस्टमन. "त्याला सांग, जेवून घे." "बाबांना सांग, भूक नाही." एकाच टेबलावर बसून हे चालायचं.

"बरं, नव्या माणसाकडून घेतलंस तर?"

"आधी अगदी थोडं. मग थांबायचं. काय होतं ते बघायचं."

"शाब्बास! आणि एकट्याने?"

"कधीच नाही. घरी, तू असताना."

"आणि आतून कडी लावायची नाही."

टिल्लूने कप खाली ठेवला. "ते नाही जमणार, ताई."

मागे एकदा तो सार्वजनिक संडासात कडी लावून बसला होता. रखवालदाराने दार फोडलं तेव्हा ओठ निळे पडले होते. नशीब, बाहेर थांबलेल्या सोबतच्या पोराच्या खिशात असाच, नशेने थांबलेला श्वास परत आणणारा फवारा होता. बाबांचं आणि त्याचं बोलणं तुटलं ते त्या दिवसापासून.

"कडी नसली तर बाबा येतील आत," टिल्लू म्हणाला. "मला तसं बघतील. त्यापेक्षा मी पुलाखाली जाईन."

"आणि पुलाखाली तुला मी कुठे शोधू?"

दिवसभर पार्लरमध्ये कात्रीपेक्षा जास्त जीभ चालवणारी ताई एवढंच बोलली. तिने रिकामी पिशवी घडी घातली, उलगडली, पुन्हा घडी घातली.

तेवढ्यात दाराबाहेर किल्ल्यांचा जुडगा खुळखुळला. बाबा! साऱ्या वस्तीची कुलपं बसवणारा माणूस, कमरेचा जुडगा झोपतानाच काय तो सुटायचा. खुळखुळ दाराशी थांबली. बराच वेळ थांबली. मग हळूहळू लांब गेली.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ताई घरी आली तर ड्रिलचा आवाज. टिल्लूच्या दारापुढे बाबा गुडघ्यांवर बसलेले. जुनी कडी जमिनीवर पडलेली, तिची दारातली भोकं पुट्टी भरून बुजवलेली. आणि खोलीत टिल्लू उभा, पायात बूट, खांद्यावर सॅक.

ताई धावत पुढे आली. "बाबा! अहो, काय केलंत हे? कडी कशाला काढलीत?"

बाबांच्या ओठांत दोन स्क्रू होते. ते दारात घट्ट बसेपर्यंत उत्तर मिळणार नव्हतं. एक बसला. दुसरा बसला.

"कडी बाहेरून उघडत नाही," बाबा म्हणाले. "हे कुलूप उघडतं. इस्पितळात लावतात, पाळणाघरात लावतात. आतून बंद होतं. बाहेरून ही खाच आहे, नाणं घालायचं आणि फिरवायचं." मग ताईकडे बघून म्हणाले, "त्याला सांग, लावून बघ म्हणावं."

ताईने तोंड उघडलं, तोवर दार लागलं होतं. आतून खट्ट आवाज आला.

बाबांनी खिशातून नाणं काढलं, खाचेत घातलं, फिरवलं. दार उघडलं. बापलेक समोरासमोर. बाबांनी पटकन नजर कुलपाकडे वळवली आणि त्याच्यावरची नसलेली धूळ पुसली.

"मी आत येणार नाही," ते कुलपालाच म्हणाले. "हाक मारेन. ओ आली की चालता होईन. ओ आली नाही, तरच नाणं."

ताईची जीभ काही ऐकेना. "हेही सांगू का त्याला?"

"ऐकलंय त्याने," बाबा म्हणाले. आणि पहिल्यांदाच सरळ टिल्लूला, "परत लाव. बिजागरी अडतेय थोडी."

बिजागरी मुळीच अडत नव्हती. टिल्लूने सॅक खांद्यावरून उतरवली, पलंगावर टाकली आणि दार लावून घेतलं. खट्ट.

मग ताईची पाळी. तिने दोनदा उघडलं. फवारा कसा मारायचा तेही तिने बाबांना उशीला नाक आहे असं समजून दाखवलं, तेव्हा बाबा इतके गंभीर होते की टिल्लूला हसू आवरेना. स्वयंपाकघराच्या ओट्यावर कागदावर स्क्रूंचा ढीग पडला होता. डबा मात्र टिल्लूच्या खिडकीत होता, झाकण घट्ट लावलेला.

संध्याकाळी बाबांनी त्या नाण्याला कडेशी भोक पाडलं आणि ते जुडग्यात अडकवलं. दुकानाची, घराची, कपाटाची किल्ली आणि हे.

दिवेलागणीला ताई भांडी विसळत होती. टिल्लूच्या खोलीचं दार लागल्याचं तिला ऐकू आलं. खट्ट. तिचा हात नळाखाली तसाच राहिला.

खुळखुळ दाराशी येऊन थांबली.

"टिल्लू?"

पाणी वाहत राहिलं.

"ओ, बाबा."

जुडगा खुळखुळत पुढे गेला.