वाकड्या मानेची दुर्बीण

मी एक जुनी दुर्बीण आहे. चंद्र बघायची नव्हे, आणि पक्षी बघायची तर मुळीच नव्हे. नेमबाजीच्या मैदानावर पन्नास मीटरवरच्या कागदात गोळीने पाडलेले भोक नेमके कुठे आहे, एवढेच मी दाखवते. ते भोक वाटाण्याहून लहान असते आणि काळ्या वर्तुळात पडले की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. म्हणून नेमबाज मला शेजारी ठेवून पालथा पडतो, गोळी झाडतो आणि माझ्यातून बघतो. मित्रांनो, तुम्हाला मित्र म्हणते, कारण आत्मवृत्तात तसे म्हणावे लागते. बाकी तुम्हीही दुकानात गेलात की डब्यावरचा सर्वांत मोठा आकडा वाचूनच दुर्बीण उचलाल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

माझ्याही डब्यावर तसा आकडा होता. लाल अक्षरांत, साठ पट! खरे सांगायचे तर वीस पटीपासून पंचवीसपर्यंत मी स्वच्छ दाखवते. पुढे पुढे चित्र गढूळ होत जाते आणि साठवर नेले की माझ्यात भरदुपारी संध्याकाळ होते. कारखान्यात हे सगळ्यांना ठाऊक होते. ज्याने माझ्या काचा बसवल्या, तोच कामगार जांभई देत डब्यावर ते लाल अक्षर चिकटवत होता. शिवाय माझी मान वाकडी. डोळा लावायची नळी वर वळलेली आहे. हा दोष नाही, पालथे पडणाऱ्या माणसाची सोय आहे. पण हे दुकानदारालाच माहीत नव्हते, तर गिऱ्हाइकांना कुठून असणार?

त्या दुकानात मी माणसांची अक्कल जवळून पाहिली. एकाने वितीने माझी लांबी मोजली. एकाने माझा रंग स्वतःच्या बॅगेशी जुळवून पाहिला आणि नाक मुरडले. एक गृहस्थ रस्त्यापलीकडची पाण्याची टाकी बघून "व्वा!" म्हणाले. एवढी मोठी टाकी नुसत्या डोळ्यांनी दिसत होती, तरी व्वा! आणि दुकानदार प्रत्येकाला एकच पाठ म्हणून दाखवत होता. "साठ पट आहे साहेब, साठ पट!"

मग एके दिवशी जेवणाच्या सुटीत दवाखान्यात औषधे देणारी एक बाई आली. सगळे तिला ताई म्हणत, मीही तेच म्हणते. तिने पिशवीतून वापरलेला टार्गेटचा कागद काढला, पावले मोजत रस्ता ओलांडला आणि पलीकडच्या भिंतीवर तो चिकटवला. परत आली आणि दुकानाच्या दारातच सतरंजी पसरून पालथी पडली.

"अहो बाई, हे काय चाललंय? गिऱ्हाइकांनी यायचं कुठून?" दुकानदार ओरडला.

"मी गिऱ्हाईकच आहे. ती दुसरी द्या."

तिने पाच दुर्बिणी पाहिल्या. सरळ मानेच्या दुर्बिणींसाठी तिला हनुवटी उचलावी लागत होती आणि कोपर जागचे हलत होते. माझ्यासाठी तिला फक्त डोळा वळवावा लागला. "पांढऱ्यातली सहा भोकं... काळ्यातलं सातवं... आठवंही दिसतंय," ती पुटपुटली. मग तिने मला साठवर नेले आणि फस्सकन हसली. "हा आकडा डब्यासाठी आहे."

इतक्या दिवसांत माझ्याबद्दल कोणी खरे बोलल्याची ती पहिली वेळ होती. मला राग आला आणि बरेही वाटले. महागड्या दुर्बिणीवर घालायचे पैसे तिने जाड पायांच्या घोडीवर घातले, म्हणजे मी ज्यावर बसते त्या तिवईवर. घरी गेल्यावर तिने नखांच्या लाल रंगाचा एक ठिपका माझ्या पंचविसाच्या आकड्यावर लावला. त्यापुढे तिने मला कधी फिरवले नाही.

ताईचा थोरला भाऊही नेमबाज होता. मोटारींच्या दुकानात तो विक्रीप्रमुख होता, त्यामुळे मोठे आकडे सांगायची आणि ऐकायची त्याला सवय. त्याची दुर्बीण तोफेएवढी होती. नेहमी साठ पटीवर! सगळा खर्च त्या नळीत गेला होता आणि तिच्याखाली काडीसारख्या पायांची घोडी होती. मला बघून दादा म्हणाला, "टार्गेट बघायला घेतलीस का भिंतीवरच्या मुंग्या?" मी मनातल्या मनात त्याला जे म्हणाले ते मुलांसमोर लिहिण्यासारखे नाही.

त्या वर्षी क्लबच्या संघात एकच जागा उरली होती आणि ती या दोघांपैकी एकाला मिळणार होती. दादाची स्वतःची रायफल होती. ताई क्लबची रायफल वापरत असे आणि नियम असा की ती रायफल संघात असलेल्यालाच मिळायची. म्हणजे दादा हरला तर त्याचे फक्त तोंड उतरले असते. ताई हरली तर तिची नेमबाजी संपली असती. आदल्या संध्याकाळी रायफल पुसताना तिचे हात सावकाश चालत होते. निरोप द्यायची तयारी चालली आहे हे मला कळले आणि वाईट वाटले.

निवडीच्या दिवशी दादा सहा नंबरवर होता, ताई सात नंबरवर. प्रत्येकी वीस गोळ्या, दहा-दहांचे दोन कागद. पहिला कागद संपला तेव्हा दादा तीन गुणांनी पुढे होता. नवे कागद लागले. गोळ्यांची पेटी ओढताना दादाचे कोपर घोडीला लागले. काडीसारखा पाय सरकला आणि तोफेने हळूच उजवीकडे मान वळवली. आता ती सात नंबरचा कागद दाखवत होती. ताईचा!

माझ्यातून अख्खा कागद दिसतो, वरचा नंबर दिसतो आणि शेजारच्या कागदाची कडही दिसते. साठ पटीत फक्त एक काळे वर्तुळ दिसते. ते कोणाचे, हे त्यावर लिहिलेले नसते.

मग जे झाले ते ऐका. ताईची पहिली दोन भोके जराशी डावीकडे पडली होती. दादाला ती आपलीच वाटली आणि त्याने आपल्या रायफलीचा नेम उजवीकडे सरकवला. इकडे ताईनेही स्वतःचा नेम सुधारला आणि तिची भोके मध्यावर आली. दादाला वाटले, ही आपलीच करामत. "मस्त!" तो म्हणाला. कधी नवे भोक दिसले नाही, तर गोळी आधीच्याच भोकातून गेली असे समजून तो आणखी खूश होई. त्याच्या खऱ्या गोळ्या मात्र सहा नंबरच्या उजव्या कडेला रांगेने जात होत्या. मी त्या मोजत होते. इतकी मजा मला आयुष्यात आली नव्हती.

तेवढ्यात ताईला सहा नंबरची ती भोके पडलेली कड दिसली. तिने मान वळवून तोफेचे तोंड कुठे आहे ते पाहिले. तिला सगळे कळले. दोघांच्याही सहा गोळ्या उरल्या होत्या. गप्प बस, मी म्हणत होते, गप्प बस! रायफल तुझ्याकडे राहील. पण दुर्बिणीचे ऐकतो कोण?

"दादा," ती कुजबुजली, "तू माझं टार्गेट बघतोयस."

"तुझ्या त्या खेळण्यातून माझं टार्गेट दिसतं वाटतं?" त्याने डोळासुद्धा काढला नाही. "तू तुझं बघ."

"अरे, नंबर तरी बघ एकदा!"

"शांतता!" मागून क्लबचे नेमबाजी शिकवणारे मास्तर ओरडले.

त्यानंतरची ताईची एक गोळी आठ गुणांच्या वर्तुळात गेली, कारण तिच्या डोळ्यांत पाणी होते. बाकीच्या नीट गेल्या. कागद आणले तेव्हा दादा आपला कागद बराच वेळ उलटसुलट करत राहिला. मग त्यावरचा सहा हा आकडा त्याने वाचला. ताईची रायफल ताईकडे राहिली. तिला मिठाई वाटावीशी वाटली नाही आणि दादा वेगळ्या बसने घरी गेला.

पुढे बारा वर्षे मी त्या लाल ठिपक्यावर काम केले. मास्तर नव्या लोकांना मला दाखवून म्हणत, "घ्यायची तर अशी घ्या." लोक मान डोलवत आणि डब्यावरचा आकडा वाचून दुसरीच घेऊन येत. मग मैदानावर प्रत्येकाशेजारी टीव्हीसारखा पडदा आला. भोक कुठे पडले ते तोच दाखवू लागला आणि मी कपाटात गेले. तिथे माझ्या काचेवर धूळ बसली. वाट बघितली नाही असे म्हणणार नाही, बघितली.

परवा पडदे बंद पडले, म्हणून ताईने मला काढले आणि सात नंबरवर मांडले. शेजारी दादा उभा होता. केस पांढरे झालेले, पोट सुटलेले. "जरा बघू?" त्याने विचारले. आधी त्याने माझ्यातून कागदावरचा नंबर वाचला.

"सात," तो मोठ्याने म्हणाला. मग ताईकडे न बघताच म्हणाला, "तेव्हा बघायला हवा होता."

ताईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. मित्रांनो, त्या क्षणी मला त्या माणसाबद्दल आदर वाटला. खरोखर वाटला. काच आधी फुंकून धूळ उडवावी आणि मगच मऊ कापडाने अलगद पुसावी, एवढे त्याला शिकवावे असे मनात आले.

"जरा धूसर दिसतंय," दादा म्हणाला आणि शर्टाच्या टोकाने त्याने माझी काच खसाखसा पुसली.