पाहुण्यांची खोली

अलेक्झांड्रियात हिवाळ्यातल्या वादळांना नावं असतात. इन्शिराहला ती नणंदांच्या नावांसारखी पाठ होती: कोण कधी येणार आणि आलं की किती दिवस हलणार नाही. यंदा 'केरसुणी' नावाचं वादळ येऊन गेलं आणि तिच्या लेकीच्या, नुहाच्या खाटेमागची भिंत पुन्हा काळी पडली.

तिनं काय नाही केलं? व्हिनेगर फासलं, क्लोरीननं घासघास घासलं. बुरशी चार दिवस दडून बसली आणि वासानं नुहाचा खोकला तेवढा वाढला. नवरा रऊफ दर हिवाळ्यात भिंतीवर ऑइलपेंट मारायचा. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! आत ओल तशीच. मग रंगाला फोड यायचे आणि फोड फुटले की तीच काळी लव बाहेर. खोलीची खिडकी इमारतीच्या आतल्या बोळकांडीत उघडत होती. तिथून ऊन कधी आलं नाही, शेजाऱ्यांच्या तळलेल्या मासळीचा वास मात्र न चुकता यायचा.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, मुलगी झोपते त्या खोलीत ओल आहे का? इन्शिराह चटकन नाही म्हणाली. घरात बुरशी आहे असं सांगणं म्हणजे बाई गबाळी आहे असं सांगणं. डॉक्टरीणबाईंनी नुहाचा स्वेटर नाकाशी धरला.

"स्वेटर तर वेगळंच सांगतोय," त्या म्हणाल्या. "हिची खोली बदला. हिवाळाभर तिथंच झोपली तर पुढच्या खेपेला हिला उचलून धावत आणाल, आणि तेव्हा माझ्या हातात काही असेलच असं नाही."

तेव्हापासून इन्शिराहचा जीव थाऱ्यावर नव्हता. भाजी निवडता निवडता ती उठायची, नुहाच्या छातीला कान लावायची, परत येऊन बसायची आणि पुन्हा उठायची. नवराबायकोची खोली त्याच बोळकांडीकडची, सासूचीही तिथलीच. घरात कोरडी, उन्हाची खोली एकच होती, ती म्हणजे पाहुण्यांची. दक्षिणेला दोन मोठ्या खिडक्या आणि आत सासऱ्यांनी हयात असताना कुवेतच्या कमाईतून घेतलेला सोनेरी नक्षीचा सोफासेट. किल्ली सासूच्या गळ्यात. हज करून आल्यापासून सासूला सगळी गल्ली हाग्गा सनिय्या म्हणायची. रोज सकाळी हाग्गा स्वतः खिडक्या उघडायची, सोफ्याला ऊन लागावं म्हणून, आणि मग कुलूप घालायची. बाई वाईट नव्हती. पण नातीलाही ऊन लागतं हे काही तिच्या डोक्यात शिरलं नव्हतं.

रात्रीच्या जेवणाला इन्शिराहनं विषय काढला. हाग्गानं हातातला भाकरीचा तुकडा खाली ठेवला.

"तिथं खाट टाकायची? आणि उद्या कुणी दारात आलं तर? अगं, घराची अब्रू त्या एका खोलीत आहे. हा रऊफ त्याच मागच्या खोलीत वाढला, काय झालं त्याला?"

रऊफला काय झालं होतं ते दिसतच होतं. तो ताटात बघत राहिला. वादळाचे दिवस सरू देत, आपण पुन्हा एकदा रंग मारू, असं काहीतरी तो पुटपुटला. इन्शिराहला वाटलं, ताट उचलून त्या रंगाच्या डब्यात ओतावं.

दुसऱ्या दिवशी रऊफ कामावर गेल्यावर नुहाच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जाऊ लागल्या. औषध दिलं, वाफ दिली, जरा उतार पडला. इन्शिराहनं ब्रश घेतला, भिंत घासू लागली आणि मध्येच थांबली. किती घासणार? तिनं ब्रश बादलीत टाकला. नुहाला ईदचा फ्रॉक आणि कोट घातला, तिला कडेवर घेऊन खालच्या दुकानातून बसबूसा या रव्याच्या मिठाईचा डबा आणला, कारण पाहुणा रिकाम्या हातानं येत नसतो. आणि मग आपल्याच दाराची घंटा वाजवली.

हाग्गानं दार उघडलं. "किल्ली विसरलीस?"

"अस्सलामु अलैकुम, हाग्गा. पाहुणे आलोय. पोरीला धाप लागलीय, बसायला जागा मिळेल?"

"माझी थट्टा करतेस?"

"थट्टा नाही. माझ्या लेकीला या घरात पाहुणी होऊनच ऊन मिळणार असेल, तर ती पाहुणी आहे."

समोरच्या शेजारणीचं, उम्म वग्दीचं दार एव्हाना बोटभर उघडलं होतं. हाग्गानं ते पाहिलं. आलेल्याला दारातून परत पाठवल्याचं तिच्या सात पिढ्यांत कुणी ऐकलं नव्हतं. तेवढ्यात नुहाला खोकल्याची उबळ आली आणि ती कोटाच्या बाहीत तोंड खुपसून वाकली. हाग्गा मागं वळली. गळ्यातली किल्ली काढून तिनं पाहुण्यांच्या खोलीचं कुलूप उघडलं.

खोलीत ऊन गालिचाच्या मध्यापर्यंत आलं होतं. नुहा दारातच उभी राहिली.

"बस," हाग्गा म्हणाली.

नुहा सोफ्याच्या अगदी कडेला टेकली. बूट कापडाला लागू नयेत म्हणून पाय पुढे धरले, हात मांडीवर ठेवले. खोकला आला तो ओठ मिटून दाबू लागली, त्यानं डोळ्यांत पाणी आलं.

"आजी," दम मिळाल्यावर ती म्हणाली, "खरे पाहुणे आले की मी लगेच उठेन."

हाग्गा नातीशेजारी बसली आणि तिनं तिच्या पाठीवर हात ठेवला. आतली घरघर तळहाताला लागली असावी, कारण तिनं हात उचलला आणि पुन्हा ठेवला.

"अशी बघत काय राहिलीस?" ती सुनेला म्हणाली. "हे मधलं टेबल बाहेर काढ. खाट खिडकीपाशी येईल."

"आणि कुणी आलं तर?" इन्शिराहच्या तोंडून निघून गेलं.

"कोण येतंय?" हाग्गा म्हणाली. तिचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. "ते गेल्यापासून या खोलीत कोण आलंय, सांग."